शमूस पत्र

चि. शमू,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, मी माझी इच्छा सोडली, आता देव ठेवील तसं," आणि मी गप्प झाले. तुला वाटलं असेल, आईला पटलं. शब्बाथशाळेत प्रभूची प्रार्थना म्हणताना "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" आलं की तू आवाज चढवायचास, पाळकसाहेब वळून बघायचे. आज तेच लेकरू मनापासून म्हणतंय, यापेक्षा मी काय मागू? पण लगेच म्हणालास, टीबीच्या गोळ्या बंद केल्या. त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नाही.

गोळ्यांचं लिहायचं नाही असं ठरवूनच बसले होते. इच्छेचंच लिहिते.

गेथशेमाने बागेत प्रभूनं आधी काय म्हटलं? "हा प्याला माझ्यावरून टळून जावो." मत्तय लिहितो, तीन वेळा तो प्रार्थनेला गेला. लूक तर सांगतो, घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे त्या रडण्याच्या पुढं येतं. बापाला "मला हे नको" म्हणायला तो लाजला नाही. तू जगायचं मागितलंस का, शमू? जी इच्छा देवापुढं ठेवलीच नाही ती सोडलीस कशी?

पौलानंही शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, निघावं म्हणून तीनदा विनवलं, मग "माझी कृपा तुला पुरे आहे" ऐकलं. आणि हाच पौल लूकला प्रिय वैद्य म्हणतो. हिज्कीया राजाचं आयुष्य देवानं १५ वर्षं वाढवलं, तरी यशयानं गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितलाच. तुमच्या त्या प्रार्थनेतल्या भावांनी हे वाचलं नाही का?

उपदेश करायला लागले बघ. माफ कर. तू माझ्यापेक्षा जास्त वाचतोस, त्याचा मला अभिमानच आहे.

आप्पांची मोसंबी तुला आठवते का रे? २०१२ चा दुष्काळ. बोअर आटली, आप्पांनी टँकरचं पाणी विकत आणून घातलं, बाईच्या पाटल्या मोडल्या. रोज बांधावर गुडघे टेकून म्हणायचे, "प्रभू, झाडं वाचव." नाही वाचली. तेव्हा स्वतः कुऱ्हाड घेऊन गेले आणि आडवी केली. त्या संध्याकाळी जेवणाआधीची प्रार्थना त्यांनीच केली, आवाज जरासुद्धा हलला नाही. पुढच्या पावसात तिथंच कापूस लावला. देवावर सोडणं मी त्यांच्यात पाहिलं. पण पाणी घालायचं ते शेवटपर्यंत थांबले नव्हते.

तुला तर टँकरही विकत घ्यायचा नाही, गोळ्या सरकार फुकट देतं. पहिले २ महिने चार औषधं, पुढं ४ महिने तीन. आशाताई सांगत होती, खोकला थांबतो, वजन भरतं, पोरांना वाटतं झालं; पण मधेच सोडलं तर उरलेले जंतू औषधाला दाद देत नाहीत, मग इलाज लांबतो. बरं वाटलं म्हणून तू थांबलास. ही देवाची इच्छा की तुझी? रोज नको वाटणारी गोळी गिळणं, मला तरी इच्छा सोडणं यालाच म्हणावंसं वाटतं.

हन्नानं शमुवेलाला देवाला दिलं म्हणून तुझं हे नाव ठेवलं. तिनं दिलं, पण दरवर्षी अंगरखा शिवून न्यायचीच ना? मीही तुला दिलंय. प्रार्थनेत "तुझी इच्छा" म्हणते आणि "पण माझा शमू" तोंडातून निघतंच. देव ऐकून घेतो.

उद्या दवाखान्यात जा. आपल्या मनानं परत सुरू करू नकोस, किती दिवस चुकले ते खरं सांग आणि ते म्हणतील तसं घे. रागावले तर ऐकून घे. शनिवारी रात्रीच्या गाडीनं पप्पा निघणार आहेत. मी कळवलंय असं दाखवू नकोस, आणि त्यांच्यासमोर गोळी घे.

तुझी,
आई