बगळा म्हणजे केवळ ढोंग नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील निसर्गप्रतीकांवरच्या पानाविषयी हे पत्र आहे. अभिजात साहित्यासाठी अख्खे पान देणारी वृत्तपत्रे आता फारशी उरलेली नाहीत, आणि लेखकाचा हेतू चांगला आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच त्या पानाच्या मधोमध छापलेली चौकट पाहून अधिक वाईट वाटले. कमळ म्हणजे पावित्र्य, मेघ म्हणजे विरह, मोर म्हणजे शृंगार, कावळा म्हणजे मृत्यू, बगळा म्हणजे ढोंग. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला एका शब्दाचा अर्थ, आणि खाली ‘कापून ठेवा, विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल’ अशी सूचना. माझी कळकळीची विनंती आहे की कोणीही ती चौकट कापून ठेवू नये, विद्यार्थ्यांनी तर मुळीच नाही.

बगळ्याचेच घ्या. पंचतंत्रातला म्हातारा बगळा ढोंगी आहे, यात वाद नाही. तळे आटणार अशी हूल उठवून, माशांना दुसऱ्या तळ्यात सुखरूप पोचवण्याच्या मिषाने एकेकाला वाटेत खाणारा आणि अखेर खेकड्याच्या नांगीत मान सापडून मेलेला तो बगळा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेला आहे. परंतु महाभारताच्या वनपर्वात, तहानलेले पांडव एकामागून एक ज्या तळ्याकाठी निष्प्राण होऊन पडतात, तेथे युधिष्ठिराला अडवणारा आवाज स्वतःची ओळख ‘शेवाळ आणि मासे खाणारा बक’ अशीच करून देतो, आणि प्रश्नोत्तरे संपल्यावर तो साक्षात धर्म असल्याचे उघड होते. हातात ही चौकट घेऊन वनपर्व वाचायला बसलेल्या मुलाने धर्मालाही ढोंगी समजायचे काय?

आणि आपल्या स्वतःच्या घरातली गाथासप्तशती कशी विसरता येईल? हाल सातवाहनाच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातला हा सुमारे ७०० गाथांचा संग्रह स. आ. जोगळेकरांनी मराठी वाचकांच्या हाती दिला, त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यातली सुरुवातीचीच एक गाथा अशी आहे: ‘बघ, कमळाच्या पानावर बगळी कशी निश्चल, निःस्पंद शोभते आहे, जणू स्वच्छ पाचूच्या तबकात ठेवलेली शंखाची शिंपली.’ बस्स, एवढीच गाथा. हिरव्या पानावर एक पांढरा पक्षी, आणि तो हलत नाही. ना कोणाचे नाव, ना उपदेश. पण त्या न हलण्यातच सगळे आहे. पाणवठ्यावरची बगळी हलत नाही, याचा अर्थ तिला कसलीही भीती वाटत नाही. भीती वाटत नाही, याचा अर्थ आसपास माणूस नाही. आणि माणूस नसेल, तर भेटीला याहून चांगली जागा कोणती, असे ही गाथा म्हणणारी तरुणी आपल्या प्रियकराला एक अक्षरही उघड न बोलता सांगते आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट या काव्यशास्त्रज्ञाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात ही गाथा व्यंजनेचे, म्हणजे उघड न बोलता सुचवलेल्या अर्थाचे, उदाहरण म्हणून घेतली, ती याच कारणासाठी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मम्मट एक अर्थ सांगून थांबला नाही. किंवा असे असेल, तो म्हणतो, की ‘मी इथे येऊन वाट बघून गेलो’ असे सांगणाऱ्या प्रियकराला ती खोटे पाडते आहे. तू आला असतास, तर ही बगळी अशी निश्चिंत बसली असती का? म्हणजे एकाच बगळीच्या एकाच स्तब्धतेतून आमंत्रणही निघते आणि आरोपही निघतो, आणि दोन्ही वाचने योग्य असल्याचे एवढा मोठा काव्यशास्त्रज्ञ मान्य करतो. आपल्या चौकटीत मात्र त्या पक्ष्याच्या वाट्याला एक शब्द आला, आणि तो शब्द आहे ढोंग.

मेघाचीही तीच कथा. मेघ म्हणजे विरह असे लिहिणाऱ्याने मेघदूताचा पाचवा श्लोक पुन्हा एकदा काढून पाहावा. धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा गोळा असलेला मेघ कुठे आणि सजीवांनीच पोचवायचे निरोप कुठे, हा प्रश्न तिथे खुद्द कालिदासच विचारतो. मेघ ही काय वस्तू आहे याचे पक्के भान कवीला आहे, आणि ते असल्यामुळेच दूरच्या प्रियेला निरोप धाडण्यासाठी त्या वस्तूपुढे हात जोडणाऱ्या यक्षाची अवस्था आपल्याला भिडते. शिवाय तो मेघ काव्यभर मेघासारखाच वागतो. यक्ष त्याला अर्घ्य देतो ते कुड्याच्या ताज्या फुलांचे. पावसाच्या तोंडाशी डोंगरउतारावर पांढऱ्या झुबक्यांनी फुलणाऱ्या कुड्याचे, कुठल्या तरी स्वर्गीय फुलांचे नव्हे. विंध्याच्या पायथ्याशी खडकांवर फुटून विखुरलेली रेवा, म्हणजे नर्मदा, त्याला वरून दिसेल ती हत्तीच्या अंगावर राखेने काढलेल्या नक्षीसारखी. बरसून हलका झालास की तिचे पाणी पिऊन घे, जड झालास म्हणजे वारा तुला भिरकावू शकणार नाही, असा सल्लाही यक्ष देतो. त्याच वाटेवर बगळ्यांच्या माळा त्याच्या सोबतीला येतात, कारण पावसाळा हा त्यांच्या विणीचा काळ, आणि कालिदासाने ते स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. पुढे पहाडी शैलीच्या चित्रकारांनी श्रावणाच्या चित्रात काळ्या ढगावर पांढऱ्या पक्ष्यांची जी बारीक रांग काढली, ती बघताना कोणाच्या मनात ढोंग येते? तिथे ती रांग पाऊस आल्याची खूण आहे, घरी न परतलेल्या माणसाची आठवण आहे, आणि चित्रकाराला त्या काळ्या रंगावर हवी असलेली एक पांढरी रेघही आहे.

आपले लेखक कदाचित म्हणतील की प्राचीनांनीही याद्या केल्याच होत्या. केल्या होत्या. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कविसमयांची, म्हणजे कवींमध्ये रूढ असलेल्या संकेतांची, चांगली विस्तृत चर्चा केली आहे: चकोर चांदणे पितो, चक्रवाकाची जोडी रात्री विलग होते, कीर्ती पांढरी आणि अपकीर्ती काळी. परंतु या गोष्टी शास्त्रात नाहीत, लोकव्यवहारातही नाहीत, कवींच्या परंपरेने चालत आल्या आहेत, हे तो आधी बजावतो. ती कवीला दिलेली मुभा आहे. वाचकाने पक्षी दिसताच कोणता अर्थ काढावा याचा तो नियम नाही, आणि या दोन गोष्टींमध्ये जमीनअस्मानाचे अंतर आहे.

हे सगळे मला इतके का लागले, तेही सांगते. माझी नात शाळेत असताना तिच्या मराठीच्या चाचणीत ‘जोड्या लावा’ हा प्रश्न होता. ‘अ’ गटात कावळा, ‘ब’ गटात इतर शब्दांबरोबर मृत्यू आणि पाहुण्याची चाहूल. तिने कावळ्याची जोडी पाहुण्याशी लावली, कारण ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ ही ज्ञानदेवांची विराणी, म्हणजे विरहाचा अभंग, तिला घरात ऐकून ऐकून पाठ झाली होती. उत्तरावर लाल फुली आली. मी शाळेत चिठ्ठी पाठवली, अभंग सबंध लिहून पाठवला. आदर्श उत्तरपत्रिकेत जे आहे तेच ग्राह्य धरले जाईल, असे उत्तर आले. एका गुणाचे मला काही वाटले नाही. पण पुढच्या चाचणीत तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा त्या मुलीने निमूटपणे ‘मृत्यू’ लिहिले आणि तिला गुण मिळाला, ते मला आजही सलते. जे तिने कानांनी आणि मनाने मिळवले होते, ते सोडून देणेच फायद्याचे आहे, असा धडा त्या जोड्यांनी तिला दिला.

खरे तर त्या विराणीत कावळ्याच्या दोन्ही ओळखी आहेत, आणि ते ज्याला दिसेल त्याला तिची खोली कळेल. विरहिणी कावळ्याला सांगते की तुझे पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी तुझ्या तोंडाला लावीन, दुधाने भरलेली वाटी तुझ्या ओठांशी धरीन, फक्त एवढे सांग की विठो येईल का. कावळ्यापुढे भाताचा गोळा ठेवून तो चोच लावतो का याकडे जीव मुठीत धरून बघणे, हे आपल्याकडे कोणत्या प्रसंगी होते हे ज्ञानदेवांच्या श्रोत्यांना सांगावे लागत नव्हते. पितरांची तृप्ती ज्याच्या चोचीवर अवलंबून, त्याच पक्ष्याला तोच घास देऊन इथे जिवंत भेटीची खबर विचारली आहे. माझ्या मते या अभंगाचा सगळा कासावीसपणा त्या उंडीत आहे. ज्याने कावळा म्हणजे मृत्यू एवढेच पाठ केले, त्याला हा अभंग चुकीचा वाटेल, आणि ज्याने कावळा म्हणजे पाहुणा एवढेच पाठ केले, त्याला तो गोड वाटून संपेल.

कमळाविषयीही दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या मनाची कालवाकालव सांगताना भुंग्याचा दृष्टान्त आहे. कसलेही कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र सापडतो; प्राण गेला तरी चालेल, पण कमळाची पाकळी त्याला चिरता येत नाही. ‘तैसें कठिण कोवळेपणें । स्नेह देखा’, असे पुढे म्हटले आहे. जुन्या घरात राहिलेल्या कोणालाही वाशांतली ती गोल, बोट जाईल एवढी भोके आणि खाली पडलेला पिवळसर भुसा आठवेल. ज्ञानदेवांनी तो भुंगा पाहिला होता, त्याच्या जबड्याची ताकद त्यांना ठाऊक होती, म्हणून ती पाकळी इतकी बळकट ठरली. इथल्या कमळात पावित्र्य शोधून सापडणार नाही. इथले कमळ ही एक कोवळी कोठडी आहे, आणि तिच्यात रणांगणावरचा सर्वांत मोठा धनुर्धर अडकला आहे.

तेव्हा निसर्गप्रतीकांवर जरूर लिहावे, वारंवार लिहावे, पण प्रत्येक वेळी एकच कविता, एकच ओवी किंवा एकच चित्र पूर्ण छापून त्यातला पक्षी तिथे नेमके काय करतो आहे, हे वाचकाला दाखवावे. त्याला जागा लागेल हे मला कळते. परंतु पाच चित्रांची ती चौकट जेवढ्या जागेत छापली, तेवढ्यात गाथा आणि मम्मटाची दोन्ही वाचने आरामात बसली असती.

जाता जाता आणखी एक गोष्ट, आणि ती मी तितक्याच गांभीर्याने लिहीत आहे. त्याच पानावर उजव्या कोपऱ्यात ‘चातक’ अशी ओळ देऊन जो पक्षी छापला आहे, तो खंड्या आहे. जमिनीवरच्या पाण्याला चोच लावत नाही अशी ज्याची साहित्यात ख्याती, त्याच्या नावाखाली पाण्यात सूर मारून मासे पकडणारा पक्षी छापला जावा, आणि छपाईपूर्वी पान पाहणाऱ्या एकाच्याही ते लक्षात येऊ नये, याचा मला खेद वाटतो. चातक पाठीवर काळा आणि पोटाकडे पांढरा असतो, त्याच्या डोक्यावर तुरा असतो, तो आफ्रिकेकडून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि आपली अंडी बहुधा सातभाईंच्या घरट्यात घालतो. पुढच्या रविवारी कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानावर बारीक अक्षरात न छापता त्याच जागी, चातकाच्या खऱ्या छायाचित्रासह छापावी.

कळावे,

आपली नियमित वाचक