निदण आजच का उपटत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देव चांगला आहे आणि सर्वसमर्थही आहे, मग दुष्टपणा असा बिनदिक्कत चालू का देतो? गुड फ्रायडे जवळ आला की हा प्रश्न ख्रिस्ती नसलेले लोकही विचारतात. त्यावर आमच्यातलेच बरेच जण ‘देवाची इच्छा’ एवढं म्हणून मोकळे होतात. बायबलचं उत्तर इतकं स्वस्त नाही, म्हणून हे पत्र.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने एक दाखला दिला आहे. शेतकऱ्याने चांगलं बी पेरलं. लोक झोपेत असताना वैऱ्याने येऊन त्या गव्हात निदण पेरलं. (निदण म्हणजे तण. हा शब्द शहरी वाचकाला जड वाटेल, निंदणीला जाणाऱ्या बाईला तो समजावून सांगावा लागत नाही.) चाकरांनी विचारलं, उपटून टाकू का? मालक म्हणाला, नको, त्याच्याबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या.

निफाड-सिन्नरकडचा शेतकरी इथेच अडेल. तण राखलं तर पीक बसतं, हे त्याला कोणी शिकवायला नको. पण हे साधं तण नव्हे. पॅलेस्टाइनच्या गव्हात येणारं हे गवत, शास्त्रीय नाव लोलियम टेम्युलेंटम, पानावर असेपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं. फरक कळतो तो ओंबी निसवल्यावर. गव्हाची ओंबी भरगच्च असते. याचे दाण्यांचे चपटे झुबके दांड्याला कडेने चिकटलेले, एकेक सुटा. टेम्युलेंटम म्हणजे झिंगलेलं. दाण्यात बहुधा एक बुरशी राहते आणि तो पिठात दळला गेला तर खाणाऱ्याला गरगरतं. वैऱ्याचा हा उद्योगही कल्पनेतला नाही: 533 साली संकलित झालेल्या रोमन कायद्याच्या संग्रहात दुसऱ्याच्या पिकात असं बी टाकून नासाडी करणाऱ्याचा उल्लेख आहे.

आता वेळ पाहा. गव्हाला मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडातून निघणारी मुळं, फुटतात पेरणीनंतर साधारण 21 दिवसांनी. त्या सुमारास ओळख पटली असती तर खुरप्याने काम भागलं असतं. चाकरांना निदण दिसलं ते दाणा धरल्यावर. तोवर जमिनीखाली दोघांच्या मुळांचं जाळं झालेलं; एक ओढलं की दुसऱ्याचा ठोंब मातीसकट हातात येणार.

देव थांबतो तो निदणाला गोंजारण्यासाठी नाही, गव्हापायी थांबतो. ‘दुष्टांना आजच्या आज संपव’ म्हणताना आपण माणसं सुटी धरतो, पण ती सुटी नसतात. हुंड्यासाठी सुनेला छळणाऱ्या घरातच त्या सुनेचं तान्हं मूल असतं. शिवाय गवताचा गहू होत नाही, माणसाचा होतो. एवढ्यापुरता दाखला अपुरा पडतो. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडांनी ठार मारलं त्याला संमती देणारा शौल त्याच दिवशी उपटला गेला असता, तर त्याचा पुढे येशूचा प्रेषित पौल झालाच नसता. ‘वाढू द्या’ मधल्या ‘द्या’साठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे सोड’ इथे आहे. हा योगायोग असेलही. आम्हाला तो तसा वाटत नाही. मात्र कापणी रद्द झालेली नाही. पेंढ्या बांधून जाळायचं मालकाने त्याच वाक्यात सांगितलं आहे, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासाठी तो भाग गाळून वाचणं हा आणखी एक अन्याय आहे.

या दाखल्याचा सर्वांत मोठा गैरवापर मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच, होतो. कोणी पैसे खाल्ले, कोणी हात टाकला, तर ‘दोन्ही वाढू द्या’ म्हणून प्रकरण झाकलं जातं. येशूने स्वतः अर्थ सांगितला आहे: शेत म्हणजे जग. शेत म्हणजे मंडळी, असं तो म्हणालेला नाही. मंडळीसाठी त्याच मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या आहेत. आधी एकट्याने भेटून चूक दाखवा; ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या; तरीही नाही तर मंडळीला सांगा; तिचंही ऐकलं नाही तर त्याला परका समजा. यात एक चूक वारंवार होते. गुन्ह्याच्या बाबतीतही पहिल्याच पायरीवर, बंद खोलीत, समेट घडवला जातो. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर ही पायरी लागूच नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे, आणि दुष्कृत्य करणाऱ्याला शासन करण्यासाठी सत्ता आहे असं बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्यायही सांगतो.

आपल्या शरणपूरचं नावच बोलकं आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने इथे आसरा दिला, शिकवलं. इथे शिकलेला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. गुलामगिरी कापणीपर्यंत राहू द्या, असं ती जहाजं अडवणाऱ्यांनी म्हटलं नाही. बायबल हातात घेऊनच गुलाम बाळगणारेही होते, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही.

भूकंप, कर्करोग, अपघात यांचं उत्तर या दाखल्यात नाही, आणि ते त्यातून ओढून काढू नये. तिथे येशूने एक दार पक्कं बंद केलं आहे. यरुशलेमेतला शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? नाही, असं तो स्वच्छ सांगतो. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? तिथेही दोघांचं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत गेलेल्यांना हेच लागू आहे. तरी मयताच्या घरी ‘काहीतरी चुकलं असेल’ ही कुजबुज आमच्याही लोकांत चालते.

सांत्वनाला जाणाऱ्यांनी बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या इयोबाच्या मित्रांकडे पाहावं. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले, कारणं द्यायला लागले, आणि शेवटी देवाचा राग ओढवून बसले. वाचायचंच असेल तर बायबलमधलं तेरावं स्तोत्र वाचा, सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांत ‘किती वेळ?’ असं चारदा विचारलं आहे. वधस्तंभावर येशूने जे ओरडून म्हटलं, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावरच संपतं. ते तिथेच थांबवा, पुढे आपलं काही जोडू नका.

आपले,
काही ख्रिस्ती वाचक,
शरणपूर रोड, नाशिक