बादलीत काय पडतं ते आधी मोजा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

व्यावसायिक सिलिंडर महागला, तेल महागलं, तूरडाळ महागली, ही हॉटेलवाल्यांची रड वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळते. मी वडगावात खानावळ चालवते, दुपारचे डबे उद्यमबागच्या कारखान्यांत पाठवते, तेव्हा रडणाऱ्यांत मीही आलेच. सिलिंडरचा भाव माझ्या हातात नाही. मागच्या दाराशी ठेवलेल्या बादल्यांत काय पडतं ते मात्र माझ्याच हातात आहे, आणि त्यावर आमच्या लाइनीतली माणसं चकार शब्द बोलत नाहीत. ओल्या कचऱ्यातून पैसे वाचतात म्हटलं की जो तो खतावर उडी मारतो. खत अगदी शेवटी येतं. खरा पैसा त्याच्या आधीच वाचलेला असतो.

आमच्याकडे पूर्वी एकच बादली असायची. कोबीची वरची पानं, मेथीची देठं, पातेल्याच्या तळाला राहिलेला भात, ताटातलं उष्टं, चहाचा चोथा, सगळं त्यातच. अशा बादलीकडे बघून काही म्हणजे काही कळत नाही, फक्त वास येतो. आता तीन आहेत. निवडण-चिरण्यातलं हिरवीत, पातेल्यात उरलेलं पांढरीत, ताटातलं उष्टं लाल बादलीत. भांडी घासायला येणाऱ्या बायका कन्नड बोलणाऱ्या, डबे भरणारी पोरं मराठी, म्हणून पाट्या न लावता रंगच ठेवले. दाराच्या चौकटीला हुकाचा वजनकाटा टांगला आणि बादली रिकामी करण्याआधी वजन पाटीवर खडूने लिहायचं ठरवलं. आमचा वाढपी म्हणाला, ‘अक्का, उष्टं कोण मोजतंय काय?’ त्याला म्हटलं, तांदूळ आणताना मोजतोस ना, मग टाकताना का नको?

या तिन्ही बादल्यांचं दुखणं निरनिराळं असतं. हिरवी भरली तर खरेदी चुकते आहे किंवा सुरी जाड चालते आहे. फ्लॉवर स्वस्त मिळाला म्हणून पाला-दांड्यासकट घेतला, तर निम्मं वजन हिरव्या बादलीत जातं आणि स्वस्तात घेतल्याचा आनंद तिथेच संपतो. पांढरी भरली तर अंदाज चुकतो आहे. पगार झाला की कारखान्यातली पोरं बाहेर मटण खायला जातात, सणाच्या आदल्या दिवशी निम्मी गावाकडे निघतात, हे पोळ्या लाटणाऱ्या बाईला माहीत असतं, पण आदण ठेवणाऱ्याला कोणी सांगत नाही. लाल बादली भरली तर वाढण्यात खोट आहे.

लाल बादलीचा हिशेब जरा सविस्तर सांगते. किलोभर तांदळाचा शिजून अडीच-तीन किलो भात होतो. समजा एखाद्या खानावळीत रोज पाच किलो भात उष्ट्यात गेला, म्हणजे जवळजवळ दोन किलो तांदूळ गेला. पन्नास रुपये भाव धरा, रोजचे शंभर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २६०० रुपये. यात गॅस नाही, पाणी नाही, त्या भातावर ओतलेली आमटी नाही आणि ताट घासणारीची मजुरीही नाही. मोठ्या सिलिंडरच्या किमतीतला मोठा वाटा असा उष्ट्यात जातो आणि आपण गॅस कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसतो. आमच्याकडे यावर उपाय निघाला तो वाढायच्या डावाचा. आधी मोठ्या डावाने एकदाच भात घालायचे, गिऱ्हाईक ‘बास’ म्हणेपर्यंत ताट भरलेलं. आता लहान डाव, आणि दुसऱ्यांदा मागेल तेव्हा आनंदाने वाढायचं. कोणी उपाशी उठत नाही. सुरुवातीला एक-दोघे ‘हात आखडला’ असं म्हणाले, पण भात परत-परत मिळतो म्हटल्यावर तेही गप्प झाले.

एवढं केल्यावर जे उरतं तोच खरा कचरा, आणि त्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. हिरव्या बादलीतली पानं-देठं गवळीमामा म्हशींसाठी नेतात. पण त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की भात घालायचा नाही. बादलीभर शिळा भात एकदम खाल्ला की म्हशीच्या पोटात आंबतो, पोट फुगतं, दूध तुटतं, जनावर दगावूही शकतं. पुण्य लागतं म्हणून गल्लीतल्या गायीपुढे लग्नातला भात ओतणाऱ्यांनी हे कधीतरी डॉक्टरांना विचारावं. आणखी एक अट : बादलीत प्लॅस्टिकचा तुकडा, रबर किंवा दात कोरायची काडी सापडली की दुसऱ्या दिवशी मामा येत नाहीत. आमच्या स्वयंपाकघराला त्यांच्याइतकी शिस्त दुसऱ्या कोणी लावली नाही.

राहिलेलं उष्टं परसातल्या भोकं पाडलेल्या पिंपात जातं. पिंप विटांवर उचलून ठेवलेलं. आमटीचं पाणी आधी गाळून काढायचं, हाडं घालायची नाहीत, नाहीतर घुशी सगळ्या गल्लीला गोळा करतात. एक थर उष्ट्याचा, त्यावर तेवढाच जाड थर कोरड्याचा : लाकडाच्या वखारीतला भुसा, झाडलेला पालापाचोळा किंवा रसाच्या गाड्यावरची वाळलेली चिपाडं. विरजण म्हणून मामांनी दिलेलं आंबट ताक आणि मूठभर जुनं खत. वास मारतो तो कोरडं कमी पडल्यामुळे, हे लक्षात ठेवलं की शेजाऱ्यांशी भांडणं होत नाहीत. मूठ आवळून बघायची, हाताला ओल लागावी पण पाणी ठिबकू नये. थंडीत सकाळी पिंप ढवळलं की आतून वाफ येते. मधला भाग साठ अंशांच्या आसपास तापतो, तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू त्यात मरतात. आपल्या बेळगावच्या पावसात मात्र पिंपावर पत्रा पाहिजेच, आणि कोरडा भुसा उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवायचा. श्रावणात तो शोधायला गेलात तर वखारवालासुद्धा ओलाच देतो.

अडीच-तीन महिन्यांनी काळं, मातीच्या वासाचं खत निघतं. शंभर किलो उष्ट्याचं वीस-पंचवीस किलो. विकायला गेलं तर चिल्लर हाती येते. माझे दीर येळ्ळूरला बासमती लावतात, ते खत बांधावर नेतात आणि सुगीनंतर तांदळाच्या भावात आम्ही दोघं समजून घेतो. ज्यांचा शेतात दीर नाही त्यांनी खतावर श्रीमंत होण्याची स्वप्नं बघू नयेत. पण कचरा उचलायला वेगळा माणूस लावणाऱ्या, गटार उपसायला महिन्या-दोन महिन्यांनी पैसे मोजणाऱ्या हॉटेलांना तो खर्च नक्की वाचवता येतो.

इथे एक सावधगिरीची सूचना. ‘चोवीस तासांत खत’ करून देणारं यंत्र घेऊन विक्रेते फिरतात. त्यांतली बरीच यंत्रं उष्टं तापवून वाळवतात आणि भुगा करतात, बाकी काही नाही. तो भुगा कुंडीत घालून पाणी घाला, दोन दिवसांत बुरशी येते आणि वास परत येतो. कुजण्याला वेळ लागतो, तो विजेने विकत मिळत नाही. घ्यायचंच असेल तर आधी यंत्राचे युनिट विचारा, मग हेस्कॉमचं विजेचं बिल समोर ठेवून बोला.

मोठ्यांची गोष्ट निराळी. कारखान्यांची कॅन्टीन, कॉलेजची वसतिगृहं, इस्पितळं, मोठी उडुपी हॉटेलं यांनी बायोगॅसचा विचार करावा. रोज शंभर किलो उष्टं असेल तर साधारण आठ-दहा घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे सिलिंडरमधल्या चार किलो गॅसइतकी उष्णता. पाच दिवसांत एकोणीस किलोचं एक सिलिंडर निघालं म्हणायचं. माझ्यासारखीच्या दहा-पंधरा किलोला तो खटाटोप परवडत नाही, हेही तितकंच खरं. लिंबाची सालं, कांद्याची टरफलं आणि अंड्याची कवचं त्यात घालत नाहीत, आणि डिसेंबरच्या थंडीत गॅस कमी होतो, कारण आतले जंतूही गारठतात. हे आधी न सांगता संयंत्र बसवून जाणारे ठेकेदार आहेत, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती गंजत पडतात. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीच रोज सरासरी शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं आणि ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायला सांगितलं. तेव्हा ही कोणावर मेहेरबानी नाही.

तळणीच्या तेलाचं थोडक्यात सांगते. तेच तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात घातक द्रव्यं वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. रोज पन्नास लिटरवर तेल तळणीला लागत असेल तर त्याची नोंदही ठेवावी लागते. जळकं तेल गाड्यावाल्याला विकणं हे पाप आहे आणि गटारात ओतणं म्हणजे तुंबलेल्या गटाराचं बिल स्वतःच फाडणं. डिझेल करण्यासाठी असं तेल विकत घेणारे अधिकृत संकलक असतात. डबे भरून ठेवले की पैसे देऊन नेतात.

आता लग्नकार्यालयं. आपल्याकडे मांडे, कुंदा, चार भाज्या आणि दोन तऱ्हेचे भात यांच्याशिवाय लग्न लागत नाही, त्याला माझी हरकत नाही, माझंही पोट त्यावरच आहे. पण पाचशे माणसं सांगून साडेतीनशे येतात आणि उरलेल्याचा धनी कोणीच नसतो. यजमान म्हणतो केटररचं, केटरर म्हणतो कार्यालयाचं, कार्यालयाचा मॅनेजर गाडीची वाट बघतो. दुपारी तीनला मग कोणाला तरी आठवण होते आणि आश्रमाला फोन जातो. सकाळी अकरापासून उघडं पडलेलं अन्न तोवर कोमट होऊन बसलेलं असतं. दान करायचं अन्न साठ अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे, नाहीतर झटकन थंड करून ठेवलं पाहिजे. शिल्लक अन्न वाटण्यासाठी केंद्राचे २०१९ चे नियम आहेत, पण ते पाळायला आदल्या दिवशीच ठरवावं लागतं की गाडी किती वाजता येणार आणि डबे कोणाचे.

हे सगळं आज जातं तुरमुरीच्या कचरा डेपोत. तिथल्या लोकांनी आपल्या ताटातल्या उष्ट्याचा वास किती वर्षं सोसायचा? ओलं-सुकं एकत्र गेलं की ना त्याचं धड खत होतं, ना सुकं विकलं जातं. उलट भाजी मार्केटचा आणि हॉटेलांचा निव्वळ ओला माल वेगळा निघाला तर तो कडोली, येळ्ळूर, अनगोळच्या शेतकऱ्यांना चालणारा आहे.

म्हणून दोन मागण्या. एक, महापालिकेने हॉटेलं आणि खानावळी असलेल्या गल्ल्यांतून फक्त ओल्या कचऱ्यासाठी सकाळी अकराच्या आत आणि रात्री दहानंतर वेगळी गाडी फिरवावी आणि मिसळलेली बादली सरळ परत करावी. आमच्या गवळीमामांसारखी. दोन, लग्नसराईच्या आधी कार्यालयमालक आणि केटरर यांनी बसून करारात एक ओळ घालावी : उरलेल्या अन्नाची आणि उष्ट्याची जबाबदारी कोणाची, आणि वर्गवारी केली नाही तर अनामतीतून किती रक्कम कापणार. ही बैठक माझ्या खानावळीत दुपारी साडेतीननंतर कधीही घ्यावी. चहा माझ्याकडून, चोथा मात्र कोणी नेऊ नये.

आपली,
एक खानावळवाली, वडगाव, बेळगाव
(नाव छापू नये. गवळीमामा आपलं कौतुक वाचून दुधाचा भाव वाढवतील.)