कानांनी पाहिलेले सिनेमे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. शेवटी तू एकच ओळ लिहिली होतीस, ‘हल्ली काय पाहिलंस ते सविस्तर कळव,’ आणि नेमकं तेच लिहायला मला इतके दिवस लागले. पाहिलं बरंच. पण आधी बाबांबद्दल लिहितो, कारण या सगळ्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली.

बाबांना कानाचं मशीन लागून आता वर्ष झालं. सुरुवातीला ते घालायचे, मग हळूहळू काढून ठेवायला लागले. मी चिडायचो. इतकं चांगलं मशीन घेतलं, डॉक्टरांनी दोनदा नीट बसवून दिलं, तरी हे डबीत! ‘कटकट होते रे’ एवढंच ते म्हणायचे आणि मला वाटायचं, हट्ट करताहेत. एका रात्री मी ‘साउंड ऑफ मेटल’ लावला. २०१९ चा सिनेमा, रिझ अहमदने त्यात ड्रम वाजवणाऱ्या रूबनचं काम केलंय. बाबा शेजारी येऊन बसले. खाली अक्षरं येत होती, त्यामुळे त्यांना कळत होतं.

रूबनचे कान अचानक जातात. कॅमेरा त्याच्या जवळ आला की आपल्यालाही त्याला ऐकू येतं तेवढंच ऐकू येतं. दूर गेला की जग पुन्हा बोलू लागतं. हे आत-बाहेर करणं इतकं नेमकं केलंय की थोड्या वेळाने त्याचा चेहरा जवळ आला तरी आपल्याला धास्ती वाटते. तो राहती गाडी विकून, सामान विकून कानाचं ऑपरेशन करून घेतो. यंत्र सुरू होतं तो क्षण मी विसरणार नाही. आपण वाट पाहत असतो की आता याला ऐकू येणार, आणि येतं ते पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं काहीतरी. माणसांचं बोलणं चरचरतं. पुढे एका घरगुती पार्टीत त्याची मैत्रीण वडिलांबरोबर गाते. सगळे तल्लीन झालेले, आणि त्याच्या कानात नुसता खरखराट. शेवटी तो रस्त्याकडेच्या बाकावर बसलेला असतो, चर्चची घंटा वाजायला लागते, ती अक्षरशः टोचते. तो दोन्ही कानांवरची यंत्रं काढतो. एकदम शांत. झाडं, ऊन, माणसं, सगळं चाललेलं, आवाज मात्र कशालाच नाही.

पडदा काळा झाला आणि बाबा म्हणाले, “घंटेचं तसंच होतं मला. भांड्यांचंही.”

वर्षभर मी या माणसावर डाफरत होतो. त्या रात्री मी त्यांना पहिल्यांदा नीट विचारलं, काय ऐकू येतं, कसं येतं. ते बराच वेळ बोलले. मशीन सगळेच आवाज वाढवतं म्हणाले, पंख्याचाही, खुर्ची सरकल्याचाही, आणि त्या गलक्यात माणसाचं बोलणं बुडतं. या सिनेमाला २०२१ मध्ये ध्वनी आणि संकलन अशी दोन ऑस्कर मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण मी त्याचा ऋणी आहे तो आमच्या त्या तासाभराच्या बोलण्यासाठी.

तेव्हापासून मी सिनेमा वेगळा पाहू लागलोय. आधी कान देतो, मग डोळे.

या नव्या सवयीत ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ पाहिला आणि पार हादरलो. तू पाहिला नसशील तर एकटा बसून पाहा, आवाज चांगला ठेवून. जोनाथन ग्लेझरचा, २०२३ चा. नाझींच्या आउशवित्झ छळछावणीचा प्रमुख रूडोल्फ ह्योस बायकामुलांसह छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहतो. बाग आहे, फुलं आहेत, पोरांना पोहायला छोटा हौद आहे. त्याची बायको हेडविग, सांड्रा ह्युलरने केलेली, एका दृश्यात फरचा कोट अंगावर घालून आरशासमोर वळून वळून पाहते. खिशात लिपस्टिक सापडते, तीही ओठांना लावून बघते. तो कोट कुणाचा, हे कुणी सांगत नाही. सांगायची गरजच नाही, कारण आपल्याला भिंतीपलीकडचं सतत ऐकू येत असतं. एक न थांबणारी घरघर, मधूनच गोळी, किंकाळी, कुत्री, गाडी. घरातलं कुणीही त्या आवाजाने मान वळवत नाही. तो अत्याचार दिग्दर्शक एकदाही दाखवत नाही, फक्त ऐकवतो. आणि तासाभराने माझ्या लक्षात आलं की ती घरघर मलाही ऐकू येईनाशी झाली होती. मी फुलं बघत होतो. त्या जाणिवेने अंगावर काटा आला.

ध्वनिसंयोजक जॉनी बर्नने आधी सुमारे ६०० पानांचा दस्तऐवज तयार केला होता: तिथे काय काय घडलं, साक्षीदारांनी काय सांगितलं, कोणता आवाज किती अंतरावरून आला असेल. इतकी मेहनत भिंतीपलीकडे ठेवायच्या आवाजासाठी! २०२४ च्या ऑस्करला ‘ओपनहायमर’ने सात पुरस्कार नेले, पण ध्वनीचा पुरस्कार मात्र याला गेला. मला मनापासून आनंद झाला.

‘ओपनहायमर’वरून आपलं भांडण झालं होतं ना, ते आठवतंय. तो मी पुन्हा पाहिला, मुद्दाम. माझं मत अर्धं बदललं, अर्धं नाही. तीन तासांच्या त्या सिनेमात संगीत इतका वेळ वाजत राहतं की दोन माणसं खोलीत साधं बोलत असली तरी जणू घोडदौड चाललीय असं वाटतं. मी दमतो. मला त्या माणसांचं बोलणं ऐकायचं असतं. पण तू म्हणत होतास ते अणुबॉम्बच्या चाचणी-स्फोटाचं दृश्य, तिथे तू बरोबर होतास. प्रकाश आधी येतो, आवाज मागून. मधल्या वेळात फक्त श्वास ऐकू येतात. भौतिकशास्त्राचा नियमच तिथे पटकथा लिहितो. आणि पाय आपटण्याचा तो आवाज, जो सिनेमाभर अधूनमधून येत राहतो आणि का येतोय ते कळत नाही, तो हिरोशिमानंतरच्या सभेत टाळ्या-जल्लोषाबरोबर उलगडतो. ते मला पहिल्या वेळी कळलंच नव्हतं. तेवढ्यापुरती हार मान्य.

संगीताबद्दल एकदाच मन मोकळं करतो. हल्ली बऱ्याच सिनेमांत आई रडायला लागायच्या आधीच व्हायोलिन रडायला लागतं. मला रडू येणार आहे की नाही हे ठरवायची मुभाच मिळत नाही. बाबांसारख्यांचे तर दुहेरी हाल. पार्श्वसंगीत आणि संवाद एकत्र आले की त्यांना दोन्हीतलं काही कळत नाही. ते मग माझ्याकडे बघतात आणि मी कानाशी जाऊन वाक्य पुन्हा सांगतो. तोवर पुढचं निघून गेलेलं असतं.

विम वेंडर्सचा ‘परफेक्ट डेज’ त्यांना आवडला, मला थोडा कमी. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा. त्याला घड्याळाचा गजर नाही. रोज पहाटे बाहेर रस्ता झाडणाऱ्या बाईच्या झाडूचा आवाज येतो आणि त्याचे डोळे उघडतात. काय सुंदर सुरुवात आहे दिवसाची! गाडीत बसला की तो कॅसेट आत सरकवतो, तो खटका ऐकून मला आपल्या कॉलेजचे दिवस आठवले. तू पेन्सिल घालून कॅसेटची फीत गुंडाळायचास ते डोळ्यांसमोर आलं. शेवटी गाडी चालवताना कोजी याकुशोच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांत मिसळतं आणि कॅमेरा हलत नाही, ते तर मी दोनदा पाहिलं. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात २०२३ मध्ये त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. पण मला एक खटकलं. ती स्वच्छतागृहं फारच स्वच्छ आहेत. हे काम रोज करणाऱ्याच्या नाकाला, हाताला, पाठीला जे सोसावं लागतं ते कुठे दिसत नाही. समाधान आहे, त्याची किंमत दिसत नाही. बाबांना हे पटलं नाही. ‘प्रत्येक गोष्टीत दुःखच कशाला शोधतोस,’ म्हणाले. वाद अजून चालू आहे, तू आलास की तुझं मत सांग.

‘लापता लेडीज’ पाहिला, आवडला, मंजूमाई फार आवडली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण मंजूमाई झालेल्या छाया कदमने मला ज्या दुसऱ्या सिनेमाकडे नेलं त्याबद्दल लिहायचंय: पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. २०२४ ला कान महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळवलेला. सुरुवातीलाच मुंबई दिसते आणि वेगवेगळ्या भाषांतले आवाज ऐकू येतात, इथे पोटासाठी आलेल्या माणसांचे. कुणाचा आवाज कुठल्या चेहऱ्याचा, हे कळत नाही आणि कळावं असंही वाटत नाही. मग कथा सुरू होते, दोन मल्याळी नर्सेसची आणि त्यांच्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीची, म्हणजे छाया कदमची. त्या नर्सेसपैकी प्रभाचा नवरा जर्मनीत, वर्षानुवर्षं त्याचा पत्ता नाही. एक दिवस पार्सल येतं. आत भात शिजवायचा लाल कुकर, जर्मनीत बनलेला, सोबत चिठ्ठीही नाही. रात्री प्रभा जमिनीवर बसून तो कुकर मिठीत घेते. प्रभा झालेली कनी कुसृती त्या वेळी एक शब्द बोलत नाही. बाहेरून रात्रीचे आवाज येत राहतात. मित्रा, मी पडद्यावर प्रेमाची किती दृश्यं पाहिली असतील, पण एका भांड्याला कवटाळलेली ही बाई त्या सगळ्यांवर मात करून गेली.

पार्वतीचं घर बिल्डर पाडणार आहे. कित्येक वर्षं ती तिथे राहिली, पण कागद नाहीत. एका रात्री ती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात आणि हसतात. मला ‘फँड्री’ आठवला. त्यात जब्या या शाळकरी पोराच्या आईचं काम छाया कदमचंच होतं, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. म्हणून ‘फँड्री’ही पुन्हा लावला. ते दृश्य आठव: सगळं कुटुंब डुकरामागे धावतंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, पाठोपाठ बाकीचेही आहेत तिथे स्तब्ध उभे राहतात, आणि हाती आलेलं डुक्कर निसटून जातं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्या डुकराकडे पाहत राहिलो होतो. या वेळी ऐकलं. अख्ख्या सिनेमाला जे म्हणायचंय ते त्या एका आवाजात आहे.

आता शेवटचा, आणि माझ्या मनात सगळ्यात खोल गेलेला. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमाच्या कथापट विभागात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवलेला मराठी सिनेमा. आनंदचे वडील वारतात आणि दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईबरोबर गावी येतो. नातेवाइकांचं ‘लग्न कधी’ सुरू होतं. तिथेच लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो आणि दोघांमध्ये जे आहे ते हळूहळू, न बोलता, कळत जातं. आईला मुलाचं माहीत आहे. ती त्याची बाजू ज्या साधेपणाने सांभाळते, आवाज न चढवता, ते पाहून मी माझ्या आईच्या आठवणीने व्याकूळ झालो.

या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. अजिबात नाही. पाखरं, पावलं, माणसांचं हळू बोलणं, आणि बराच वेळ तेही नाही. मी बाबांना थिएटरात घेऊन गेलो होतो. खरं सांगतो, मनात धाकधूक होती. वडिलांच्या मरणाची गोष्ट, दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट. बाबांना चालेल का, मध्येच उठतील का? आणि ऐकू येईल का? दहा मिनिटांनी मी वाकून विचारलं, “सांगू का काय बोलले?” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “नको. येतंय ऐकू.”

तो हात त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प चालले आणि मग म्हणाले, “त्या पोराच्या बापाला माहीत होतं का रे सगळं?” मी म्हटलं, होतं. “बरं झालं,” म्हणाले.

दिवाळीनंतर तू येतोयस असं लिहिलंयस. ये. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ बाबांनी अजून पाहिलेला नाही, तो तिघं मिळून पाहू. त्यांच्या उजव्या हाताला बस, तो कान बरा आहे. आणि मध्ये काही बोलायचं असलं तर ओरडू नकोस, फक्त चेहरा त्यांच्याकडे करून सावकाश बोल.

तुझाच,
जुना सोबती