पेगॅसस विकत घेतले का, याचे उत्तर अजून आलेले नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फोनवरच्या पाळतीचा विषय निघाला की 'सरकारने खुलासा केलाय ना, मग संशय कशाला?' असे विचारणारे पुष्कळ भेटतात. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. साक्षीदार कुठे प्रश्न टाळतोय ते ओळखणे हे माझे रोजचे काम आहे. म्हणून माझी विनंती एवढीच, की सरकारचे खुलासे प्रश्नाशेजारी ठेवून वाचा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने उघड केले, की इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगॅसस हे फोनमध्ये गुपचूप शिरून हेरगिरी करणारे सॉफ्टवेअर वापरून जगभरातल्या सुमारे १,४०० जणांना लक्ष्य करण्यात आले. त्यात भारतातले पत्रकार आणि कार्यकर्ते होते, नागपूरचे एक वकीलही होते. आपण हे सॉफ्टवेअर फक्त सरकारी यंत्रणांना विकतो, असे ही कंपनी स्वतःच सांगते. तेव्हा प्रश्न सरळ होता : आपल्या सरकारच्या एखाद्या यंत्रणेने ते विकत घेतले का? नोव्हेंबरात राज्यसभेत हा विषय आला, तेव्हा तत्कालीन माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद म्हणाले, की आपल्या माहितीप्रमाणे कोणतेही अनधिकृत टॅपिंग झालेले नाही. विचारले होते खरेदीबद्दल, उत्तर मिळाले नियमांबद्दल. उलटतपासणीत साक्षीदार असे बोलला तर आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि 'हो की नाही तेवढे सांगा' म्हणतो.

जुलै २०२१ मध्ये भारतातल्या लोकांवर पेगॅससने पाळत ठेवल्याच्या नव्या बातम्या आल्या. माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत सांगितले, की या आरोपांत तथ्य नाही आणि आपल्याकडच्या कायद्यांमुळे बेकायदा पाळत ठेवताच येत नाही. ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाने एनएसओशी आपला कोणताही व्यवहार नसल्याचे राज्यसभेला कळवले. हे मात्र सरळ उत्तर होते. पण गुप्तचर यंत्रणा संरक्षण मंत्रालयाकडे नाहीत : आयबी गृह मंत्रालयाकडे आणि रॉ मंत्रिमंडळ सचिवालयाकडे. त्यांचे काय? सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयात सरकारची भूमिका अशी झाली, की अमुक सॉफ्टवेअर वापरतो की नाही हा जाहीर चर्चेचा विषयच होऊ शकत नाही. न्यायालयाने हा नकार मोघम ठरवला आणि २७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश न्या. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले, त्यांपैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगॅससच आहे असे ठामपणे म्हणता आले नाही. माझ्यासारख्यांनी हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हेही ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनी खुल्या न्यायालयातच सांगितले. ज्याच्याकडे उत्तर आहे तोच चौकशीला येणार नसेल, तर लोकांनी कशाच्या आधारावर विश्वास ठेवावा?

आता 'कायदे कडक आहेत' या दाव्याविषयी. फोन टॅप करायला न्यायाधीशाची परवानगी लागते, असे अनेक सुशिक्षित माणसांनाही वाटते. लागत नाही. केंद्रात गृहसचिव आणि राज्यात गृह खात्याचे सचिव सही करतात, आणि ते आदेश सचिवांचीच आढावा समिती तपासते. मुंबई दंगलीच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या न्या. श्रीकृष्ण यांच्या, खासगी माहितीच्या संरक्षणावरच्या समितीने २०१८ च्या अहवालात याचा हिशोबच मांडला होता. माहिती अधिकारातल्या आकड्यांनुसार एकटे केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश काढत होते, आणि आढावा समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा. म्हणजे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश. आमच्या न्यायालयात एका साध्या जामीन अर्जावर अर्धा तास युक्तिवाद चालतो. एका बैठकीत पंधरा हजार आदेश कोण वाचू शकतो? कायद्याच्या ज्या संरक्षणाची ग्वाही मंत्री संसदेत देतात, ते प्रत्यक्षात हे आहे.

आणि सही करणाऱ्यासमोर येणारा कागद तरी खरा असतो का? नाना पटोले यांनी २०२१ मध्ये विधानसभेत आरोप केला, की २०१६-१७ मध्ये त्यांचा फोन 'अमजद खान' या नावाने, अमली पदार्थांचा संशय दाखवून टॅप झाला. त्या काळात ते सत्ताधारी भाजपचेच खासदार होते! समिती बसली, पुण्यात गुन्हा नोंदला गेला, मग सरकार बदलले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयात तो रद्द झाला. कोणी दोषी ठरले नाही. पण त्या कागदावर ते नाव आले कसे, हे सामान्य माणसाला आजही ठाऊक नाही. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्याच प्रकरणात रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. आता चार दिवस गदारोळ होतो आणि विषय मिटतो.

मी टॅपिंगच्या विरोधात नाही. २६/११ ला हल्लेखोर आणि त्यांचे पाकिस्तानातले सूत्रधार यांच्यातली संभाषणे यंत्रणांनी टिपली, ती पुढे खटल्यात पुरावा ठरली. तसे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी मला आदरच आहे. पण हल्ली माझे पक्षकार, अगदी पोटगीच्या दाव्यातलेसुद्धा, 'साहेब, फोनवर नको, समक्ष येतो' म्हणतात. तालुक्याहून एसटीचे तिकीट काढून, दिवसाची मजुरी बुडवून येतात. त्यांचा फोन कोणी ऐकत नसेलही. पण तसे छातीठोक सांगायला माझ्याजवळ काहीही नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पेगॅसस समितीच्या अहवालाबाबत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की देशाच्या सुरक्षेशी संबंधित अहवालाची रस्त्यावर चर्चा होऊ शकत नाही. सुरक्षेचा भाग बंद राहू द्या. न्या. रवींद्रन यांनी कायद्यात सुचवलेल्या सुधारणा तरी प्रसिद्ध करा. वर्षाला किती आदेश निघाले आणि किती नामंजूर झाले, हे आकडे महाराष्ट्र सरकारने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावेत. त्यात कोणाचेही नाव फुटत नाही. आणि टॅपिंगची परवानगी न्यायाधीशाने द्यावी. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायला न्यायाधीशाचा आदेश लागतो, आणि काम संपल्यावर त्या माणसाला सर्वसाधारणपणे ९० दिवसांत कळवावे लागते. आपल्याकडे निर्दोष माणसालाही ते कधीच कळत नाही. येत्या अधिवेशनात आमदारांनी, पक्ष कोणताही असो, निदान आकड्यांचा प्रश्न लावून धरावा.

आपला,
एक वकील वाचक, सातारा