शेवटचा पेग कोणी भरला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने कुणाला उडवलं की वृत्तपत्रांत दोन-तीन दिवस बातम्या येतात. गाडी कोणाची, रक्तात दारू किती निघाली, चालक पळाला की थांबला, सगळं छापून येतं. तो उठला कुठून आणि उठण्याआधी शेवटचा पेग त्याला कोणी भरून दिला, हे मात्र क्वचितच विचारलं जातं. तरुणपणी मी काही वर्षं बारमध्ये वेटर होतो. असे पेग मीही दिले आहेत, म्हणून हे पत्र.

'गिऱ्हाईक किती चढलंय हे आम्हाला कसं कळणार?' ही मालकांची ठरलेली सबब. मुरलेला पिणारा चार पेगांनंतरही ताठ बसतो, हे खरं. पण एकच किस्सा तिसऱ्यांदा सांगणारा, नोटा मोजताना पुन्हा पुन्हा चुकणारा, खुर्च्यांना धरत धरत मुतारीकडे जाणारा माणूस वेटरला दिसत नाही? आम्हाला सगळं दिसायचं. आतल्या दाराशी उभं राहून आम्ही त्यावर पैजाही लावायचो. 'आता बास' म्हणायची हिंमत तेवढी नव्हती. पगार तुटपुंजा, घर चालायचं टिपवर आणि टिप वाढायची बिलाबरोबर. एकदाच मी नकार दिला. गिऱ्हाइकाने आरडाओरडा केला, मालक धावत आला, त्याने मला सगळ्यांदेखत झापलं आणि पेग स्वतःच्या हाताने भरला.

त्या पेगाचं गणित फसवं असतं. तीस मिली व्हिस्कीत साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल असतं आणि तेवढं निचरायला यकृताला तासभर तरी लागतो. त्यातच, पोटात गेलेली दारू रक्तात पुरती चढायला अर्धा ते दीड तास जातो. लास्ट ऑर्डरला घाईघाईने दोन पेग रिचवलेला माणूस दारातून बरा जातो आणि रस्त्यावर तर्र होतो. कॉफी पाजून सोडणं ही तर निव्वळ समजूत. झोप उडते, दारू नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार झिंगलेल्याला जाणूनबुजून दारू विकणं गुन्हा आहे. खटले मात्र तिथेही फार थोडे होतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत जखमी झालेला माणूस थेट बारवर भरपाईचा दावा लावू शकतो. कॅनडातला एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. एका हॉटेलने नेहमीच्या गिऱ्हाइकाला भरपूर पाजलं. तो पिऊन काय करतो हे तिथल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. मग त्याला रात्री महामार्गाकडेला बाहेर काढलं आणि पायी जाताना गाडीने त्याला उडवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली हॉटेलची जबाबदारी मान्य केली. नुकसानीचे तीन समान वाटे झाले : एक हॉटेलचा, एक चालकाचा आणि एक त्या पिणाऱ्याचा. पिणाऱ्याचा वाटा माफ झाला नाही, हेही योग्यच.

उलट निकालही आहे. टास्मानियातल्या एका पबने मोटरसायकलची किल्ली ठेवून घेतली होती. गिऱ्हाइकाने हट्टाने मागितल्यावर ती परत दिली आणि तो अपघातात गेला. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००९ साली पबला जबाबदार धरलं नाही. प्रौढ माणसाला अडवून ठेवायचा हक्क पबला कुठून येणार, असा सवाल होता. तो रास्तच आहे. पण किल्ली अडवणं आणि पेग न भरणं यांत फरक आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी कुणाला हात लावावा लागत नाही, बाटली खाली ठेवली की झालं.

कायदा कडक करायचा तर शिक्षा वेटरच्या गळ्यात बांधू नका. परवाना ज्याच्या नावावर, त्याचा परवाना अडकला पाहिजे. नकार देणाऱ्या नोकराचा पगार किंवा नोकरी जाणार नाही, ही अटही परवान्यातच हवी. नाहीतर पहिल्या अपघातानंतर मालक वेटरकडे बोट दाखवून मोकळा होईल.

तुम्हालाही एक विनंती. पुढची अशी बातमी आली की बातमीदाराला त्या रात्रीच्या बिलाचा माग काढायला सांगा. पेग किती आणि शेवटची वेळ कोणती, दोन्ही त्यावर छापलेलं असतं.

आपला,
एक माजी वेटर