तीन कार्ब्युरेटर, एक कान

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत १९६१ची जॅग्वार ई-टाइप आणि १९९०ची होंडा एनएसएक्स या दोन स्पोर्ट्स गाड्यांची तुलना वाचली. वेगाचे आकडे ठीक, पण गाडी सांभाळणाऱ्याचे काय? ई-टाइपच्या ३.८ लिटर इंजिनावर एसयू कंपनीची तीन कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रे. तसली कार्ब्युरेटर मी तीस वर्षे गॅरेजात जुळवली. रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. सगळीकडे हवा ओढल्याचा ‘सूं’ सारखाच येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. तोवर चहा गार! होंडाने ॲल्युमिनियमची बॉडी केली, फॉर्म्युला वन शर्यतपटू आयर्टन सेनाच्या सूचनेनंतर ती आणखी ताठ केली, तरी गाडी रोज ऑफिसला नेण्याजोगी ठेवली. देखणी ई-टाइपच, वाद नको. पण भर पावसात घर गाठायचे असेल, तर मी किल्ली एनएसएक्सचीच मागेन.

– एक निवृत्त मेकॅनिक, कोल्हापूर